ओल आणि ताण

घरची बाग राखणाऱ्या माणसाला झाडांची जी नानाविध सेवा करावी लागते, तीत खत कोणते घालावे, फांदी कोठे छाटावी, कीड कशी निवारावी याविषयी तो चारचौघांना विचारतो, प्रसंगी पुस्तकही उघडतो. पण पाणी कसे घालावे हे कोणी कोणाला विचारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. ते उपजतच येते, अशी आपली सर्वांची प्रामाणिक समजूत असते. चैत्र सरत येऊन वऱ्हाडातल्या उन्हाने एकदा आपला अंमल बसवला, की दिवसभर कूलरसमोर निपचित पडलेली आमच्या गल्लीतली माणसे दिवेलागणीच्या सुमारास बाहेर येतात, तापलेल्या मातीवर पहिली धार पडताच उठणारा तो वास छाती भरून घेतात, पानांवरून नळी फिरवतात, झाडाझाडाच्या बुडाशी बादली उपडी करतात आणि पाच-दहा मिनिटांत सगळे अंगण ओलेचिंब करून, आज आपल्या हातून एक सत्कृत्य घडले अशा मुद्रेने घरात परततात. त्या समाधानाचा मी उपहास करीत नाही. वैशाखात ज्याला दुसऱ्याला पाणी पाजावेसे वाटते तो मनुष्य भला, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु ते समाधान पाणी घालणाऱ्याचे असते, आणि झाडाची तहान हा स्वतंत्र मामला आहे. या दोहोंची गाठ आपोआप पडत नाही, ती पाडून घ्यावी लागते, आणि ती पाडून घेताना आपल्या देण्याच्या हौसेला वारंवार आवर घालावा लागतो, असे मला दिवसेंदिवस अधिकाधिक वाटू लागले आहे.

ही हौस आपल्याला परंपरेनेच दिली आहे. आश्रमातल्या झाडांना पाणी घातल्यावाचून स्वतः घोट न घेणारी शकुंतला आपल्या वाङ्मयात इतकी रुजली आहे, की वृक्षसेचन म्हटले की कमरेवर घट घेतलेली तरुणीच प्रथम डोळ्यांपुढे उभी राहते. त्याच कालिदासाने ‘रघुवंशा’च्या पहिल्या सर्गात वसिष्ठांच्या आश्रमातील मुनिकन्यांचे एक फार बारीक निरीक्षण टिपले आहे: झाडांना पाणी घालून होताच त्या तत्काळ दूर सरतात, का, तर आळ्यातले पाणी पिण्यास पाखरांना निर्धास्तपणे उतरता यावे. पाणी घालणाऱ्याने पाणी घालून झाल्यावर बाजूला व्हावे, ही त्या वर्णनातली खरी मर्मज्ञता. पण आपण घट घेतला आणि बाजूला होणे तेवढे विसरलो. तुळशीला तांब्या, पिंपळाला तांब्या, वटपौर्णिमेला वडाला तांब्या, आणि तो नेमका बुंध्यावर, कारण देवतेच्या चरणी पाणी वाहावयाचे असते. पूजेत हे यथायोग्यच आहे. पुण्यकर्माला मोजमाप नसते. भावना पोहोचली की विधी पूर्ण झाला. परसातले लिंबाचे झाड मात्र देवतेच्या कोटीत मोडत नाही. त्याला भूक आहे, तहान आहे, आणि वर्षाकाठी चार-दोन टोपल्या फळ देण्याचे दायित्व त्याने पत्करलेले आहे. त्याच्याशी व्यवहार भावनेचा असून भागत नाही, तो हिशेबाचाही असावा लागतो.

माझ्या परसात असे एक कागदी लिंबाचे झाड आहे. अमरावतीकडच्या काळ्या जमिनीत वाढलेले, काटेरी, पुरुषभर उंचीवर फांद्यांचा डेरा पसरलेले, आणि तहानेच्या बाबतीत परसातल्या इतर कोणत्याही झाडापेक्षा अधिक चोखंदळ. मोरीच्या पाण्यावर पोसलेल्या केळीला पाणी कोठून आले, केव्हा आले, किती आले याची विवंचना नसते. ती आणि तिच्या शेजारचे अळू सदा ओल्या पायांनी उभी राहून खुशाल असतात. लिंबाचे तसे नाही. त्याला पाणी कमी झाले तर ते फुले टाकते, अधिक झाले तर पाने टाकते, अवेळी झाले तर धरलेली फळे टाकते, आणि बुंध्याला सतत लागत राहिले तर सालीतून डिंक गाळू लागते. लिंबू, संत्रे, मोसंबी या सर्व कुळाची ही तऱ्हा असल्यामुळेच, पाणी देण्याची जी विद्या आपल्याकडच्या बागाइतदारांनी सिद्ध केली, तिचा पुष्कळसा भाग या कुळाच्या लहरी सांभाळण्यात खर्ची पडलेला आहे.

आमच्या शेजारी कोर्टातून निवृत्त झालेले एक नाझर राहतात. त्यांच्याही परसात लिंबू आहे. उभा जन्म समन्स आणि जप्तीच्या नोंदी ठेवण्यात गेल्याने त्यांचा हात अजून नोंदवहीवाचून चालत नाही. रोज सायंकाळी ‘लिंबू – एक बादली, जास्वंद – अर्धी, मोगरा – दोन तांबे’ अशी रीतसर नोंद होते, आणि त्या नोंदींत एका दिवसाचाही खाडा नसतो. तरीही त्यांच्या लिंबाची पाने मलूल, फळे सुपारीएवढी. एकदा आमच्या गल्लीत संत्री विकावयास येणारा, मूळचा मोर्शीकडचा एक बागवान कुंपणाशी टेकून त्यांचे हे नित्यकर्म पाहत होता. न राहवून तो म्हणाला, “नाझरसाहेब, बुडाशी कायले ओतता? थे झाड का बुडानं पेते?” नाझरांनी बादली खाली ठेवून विचारले, “मग कशानं पितं?” त्यावर तो म्हणाला, “बारा वाजता सावली कुठवर पडते थे पाहा, अन् तिच्या काठानं द्या.”

शेतीशास्त्राच्या ग्रंथात या विषयावर जे काही प्रकरण असेल, त्याचे सार एवढ्या वाक्यात आले आहे. झाडाची जाड मुळे बुंध्यापाशी असतात हे खरे; परंतु ती झाड पेलण्याच्या कामावर नेमलेली असतात. पाणी शोषून घेण्याचे काम ज्या केसासारख्या बारीक, पांढऱ्या तंतुमुळांकडे असते, ती मध्यान्हीच्या सावलीच्या कडेला आणि तिच्या थोडी अलीकडे-पलीकडे, जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांच्या थरात जाळे पसरून बसलेली असतात. म्हणून जाणता बागाइतदार लिंबूवर्गातल्या झाडाला दुहेरी आळे करतो: बुंध्याभोवती मातीची भर देऊन एक लहानसे कडे, आणि सावलीच्या कडेला दुसरे मोठे, पाणी फिरावयाचे ते या दोन कड्यांच्या मधल्या पट्टीत. आतले कडे आहे ते पाणी बाहेर थोपवण्यासाठी. बुंध्याच्या सालीशी पाणी साचून राहिले, की मातीतली बुरशी तिच्यात शिरते, साल कुजते, डिंक पाझरू लागतो. या रोगाला आपल्याकडे डिंक्या असे समर्पक नाव आहे. त्यावर तोड म्हणून बुंध्याला जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत जे निळसर बोर्डो मलम फासतात, ते एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी यांचे मिश्रण. त्याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. फ्रान्समधील बोर्दो प्रांतातले द्राक्षमळेवाले रस्त्याकडच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत, ते वाटसरूंनी द्राक्षे चोरू नयेत म्हणून. पण त्याच वेली रोगापासून बचावल्याचे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नजरेस आले आणि १८८५ साली त्याने हा उपाय जगापुढे ठेवला. चोरांसाठी काढलेला बंदोबस्त बुरशीला लागू पडला तो असा. परंतु मलम हा उपचार झाला. पाणी बुंध्यापासून दूर ठेवणे हे पथ्य, आणि पथ्य सोडून नुसत्या उपचारावर भिस्त ठेवणाराचे जे व्हावयाचे तेच झाडाचेही होते.

आता किती द्यावयाचे, हा दुसरा प्रश्न. येथे नाझरांच्या वहीचाच हिशेब पुढे चालवून पाहण्यासारखा आहे. ज्या झाडाची सावली दहा फूट व्यासाची पडते, त्याच्याखाली सुमारे सात चौरस मीटर जमीन येते. तीवर पंधरा लिटरची एक बादली सारखी पसरली, तर तो पाऊस भरतो अवघा दोन मिलिमीटर. वैशाखात आमच्या बाजूला पारा ४५ अंशांच्या घरात खेळत असतो आणि उघड्या भांड्यातले पाणी दिवसाकाठी दहा मिलिमीटरांहून अधिक उडून जाते; तेव्हा सायंकाळी घातलेली बादली दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत जमिनीच्या वरच्या कातडीतूनच निघून गेलेली असते, मुळांच्या थरापर्यंत तिची वार्ताही पोहोचत नाही. खुरप्याने टीचभर उकरून पाहिले म्हणजे याची खात्री पटते: वर दोन बोटे काळी, मऊ, ओली माती, आणि तिच्याखाली खडखडीत राखाडी ढेकळे. या रोजच्या शिडकाव्याचा आणखी एक अनर्थ असा, की ओल वरच मिळते असे दिसल्यावर मुळेही वरच येऊन राहतात, आणि चार दिवस घरमंडळी लग्नाला म्हणून गावी गेली की पहिल्या होरपळीत सापडतात. याउलट त्याच पट्टीत दोन बोटे पाणी, म्हणजे सोळा-सतरा बादल्या, एकदम मुरू दिले तर ओल फूटभर खाली जाते आणि ऐन उन्हाळ्यातही पाच-सहा दिवस पुरते. रोज थोडे देण्यात देणाऱ्याला रोज समाधान लाभते. पाच दिवसांनी पोटभर देण्यात त्याला चार दिवस हात बांधून बसावे लागते. नाझरांना हिशेब पटला, परंतु चार दिवसांच्या रकान्यात काय लिहावयाचे ही अडचण त्यांना बरेच दिवस सुटली नाही.

पोटभर पाणी देण्याचा हा प्रसंग एकदा आळ्याच्या काठावर बसून पाहावा. काळी जमीन उन्हाने बोटबोट रुंद फाटलेली असते. नळीचे पाणी आत शिरते तेव्हा आरंभी ते पसरतच नाही; भेगांच्या तोंडाशी येऊन सरळ खाली उतरते, आणि खालून कोंडलेली हवा बुडबुडे होऊन वर येताना एक बारीक, अखंड चुरचुर ऐकू येते. धुळीची तपकिरी साय, वाळकी पाने, मोहराची कोंडी असे सगळे पाण्याच्या पुढच्या धारेवर तरंगत सरकत राहते. मुंग्यांची एक पलटण पांढरी अंडी तोंडात धरून वरंब्यावर चढते. ढेकळाच्या कडा विरघळू लागतात, मग ते मधोमध चिरते आणि निमूटपणे बसते. पुष्कळ वेळ पाणी जणू कोठेच साचत नाही अशी शंका येते. भेगा बुजल्या म्हणजे मात्र ते हळूहळू उभे राहते, आणि त्यात वरच्या फांदीचे हिरवे प्रतिबिंब हलू लागते. तेवढ्यात बुलबुलांची जोडी कुंपणावर येऊन बसते आणि आपण केव्हा उठतो याची वाट पाहते. कालिदासाच्या मुनिकन्या दूर का सरत, हे तेव्हा नीट उमगते.

झाड पाणी पिते म्हणजे काय करते, हे जाणून घेण्याची जिज्ञासा माणसाला फार जुनी आहे. सतराव्या शतकात ब्रुसेल्सजवळच्या व्हान हेल्मोंट नावाच्या पंडिताने एका कुंडीत तोलून २०० पौंड माती भरली, तीत पाच पौंडांचे वाळुंजाचे रोप लावले आणि पाच वर्षे त्याला पाण्यावाचून दुसरे काही घातले नाही. पाच वर्षांनी झाड भरले १६९ पौंडांहून थोडे अधिक, आणि माती घटली होती दोनच औंस. त्यावरून त्याने असा निष्कर्ष काढला, की झाड सर्वस्वी पाण्याचेच बनलेले असते. त्याचा ताजवा बरोबर होता; हवेतल्या कर्बाची त्याला कल्पना नव्हती, एवढेच. आज आपल्याला ठाऊक आहे, की झाडाने शोषलेल्या पाण्यापैकी शेकडा पाचांहूनही कमी भाग त्याच्या अंगी राहतो. बाकीचे सारे पानांच्या सूक्ष्म छिद्रांतून आकाशात जाते. १८९४ साली डिक्सन आणि जॉली या डब्लिनच्या शास्त्रज्ञांनी असे मांडले, की पाणी मुळांकडून वर ढकलले जात नसून पानांकडून वर ओढले जाते: पानातून एक कण उडाला की त्याला चिकटलेला दुसरा त्याच्या जागी सरकतो, आणि अशी एक अखंड जलरज्जू मुळांपासून शेंड्यापर्यंत ताणलेली राहते. जगदीशचंद्र बसूंना ही उपपत्ती मान्य नव्हती. झाडाच्या जिवंत पेशींचे स्पंदनच रस वर चढवते, असे त्यांनी १९२३ सालच्या आपल्या ग्रंथात आग्रहाने प्रतिपादले. पुढे शास्त्राने कौल दिला तो डिक्सन आणि जॉली यांच्या बाजूने. या वादातून घरच्या बागेपुरती एक उपयुक्त गोष्ट हाती लागते: झाडाच्या पाण्याची मागणी हवेतून येते, पुरवठा जमिनीतून होतो, आणि दुपारच्या लूमध्ये मागणी पुरवठ्यापुढे धावते तेव्हा जमिनीत भरपूर ओल असतानाही पाने मान टाकतात. उन्हे कलली की तीच पाने आपली आपण सावरतात. दुपारी मलूल दिसलेल्या झाडाकडे घाईघाईने बादली घेऊन धावण्याचे म्हणूनच कारण नाही. सकाळी सहा वाजता जर पाने मलूल दिसली, तर मात्र ती खरी तहान समजावी.

त्यातही एक पेच असतो. ज्या झाडाला पाणी मिळत नाही ते जसे मान टाकते, तसेच ज्याला पाणी फार झाले तेही टाकते. आमचे शेतकरी ज्याला ‘वाफसा’ म्हणतात, ती जमिनीची अवस्था पाणी घालणाराने ओळखावयाची सर्वांत मोलाची गोष्ट. मातीच्या घनफळाचा जवळजवळ अर्धा भाग म्हणजे कणांमधली पोकळी. त्या पोकळीत अर्धे पाणी आणि अर्धी हवा असली म्हणजे वाफसा आला. मूठभर माती दाबली असता तिचा लाडू वळावा आणि अंगठ्याने टोचताच तो फुटावा. हाताला चिखल लागला तर पाणी द्यावयास वेळ आहे, आणि लाडूच वळला नाही तर वेळ टळून चालली आहे. मुळांनाही श्वास लागतो. पोकळीत नुसते पाणीच भरून राहिले तर ती गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना भोवती पाणी असूनही ते घेता येत नाही; वर पाने सुकलेली दिसतात, आणि ती पाहून कनवाळू मालक आणखी एक बादली ओततो. काळ्या जमिनीत निचरा मंद असल्यामुळे हा प्रकार फार लवकर घडतो. अशा झाडापाशी जो मनुष्य बादली खाली ठेवून प्रथम खुरपे हाती घेतो, त्यालाच पाणी घालता येते असे मी म्हणेन.

पाण्याचे प्रमाण जमले तरी त्याची नियमितता जमावी लागते. लिंबू, डाळिंब, अंजीर यांची फळे ऐन भरात तडकतात, त्याचे एक मोठे कारण अनियमित पाणी हे होय. पाणी लांबले की फळाची साल आखडून कठीण होते. मग एकाएकी मुबलक पाणी मिळाले की आतला गर भराभर फुगतो, साल तेवढ्या वेगाने वाढू शकत नाही, आणि फळ उभे चिरते. उपाशी ठेवून एकदम पंगतीला बसवण्याचा हा परिणाम. ज्यांना दर पाच-सहा दिवसांनी सोळा बादल्या ओढणे वयोमानाने झेपत नाही, त्यांच्यासाठी आळ्यात बिनझिलईची मडकी गळ्यापर्यंत पुरून, ती भरून, वर झाकण ठेवण्याची जुनी युक्ती आहे. चीनमधल्या दोन हजार वर्षांपूर्वीच्या कृषिग्रंथातही तिचे वर्णन सापडते. भोवतालची माती सुकली असेल तर ती मडक्याच्या अंगातून पाणी ओढून घेते, ओली असेल तर पाझर मंदावतो. आजचे ठिबक हे वैशाखात महादेवाच्या पिंडीवर टांगलेल्या गळतीचेच भावंड; परंतु मडके तिच्याहूनही शहाणे, कारण गळती आपल्या मर्जीने गळते आणि मडके मातीच्या मर्जीने पाझरते. मडके असो की आळे, वर पाचोळ्याचा चार बोटे थर असला म्हणजे दिलेल्या ओलीची राखण होते. लिंबाखाली पडलेली पाने झाडून, पेटवून अंगण स्वच्छ करणारे लोक झाडाची चादर जाळीत असतात.

येथवर जे सांगितले ते पाणी देण्याविषयी. परंतु फळझाडाच्या सेवेतला सर्वांत कठीण, आणि माझ्या मते सर्वांत थोर भाग पाणी न देण्याचा आहे, आणि त्यास बागाइतदारांच्या भाषेत ताण देणे म्हणतात. लिंबूवर्गातल्या झाडाला बारा महिने ओल मिळत राहिली तर ते पालवत राहते, हिरवेगार दिसते, येणारा-जाणारा कौतुक करतो, आणि फूल मात्र कोठे एखाद-दुसरे. वाढ थांबावी, अन्नरस फांद्यांत साठावा, तेव्हाच झाड मोहराचा विचार करते. म्हणून बहार धरावयाचा असेल त्याआधी महिना-दीड महिना, भारी जमिनीत त्याहूनही अधिक काळ, पाणी सर्वस्वी तोडतात. थंडीत विसावलेल्या झाडाला जानेवारीच्या सुमारास पाणी दाखवले की येतो तो आंबिया बहार. उन्हाळ्यात ताण देऊन पहिल्या पावसावर फुलतो तो मृग. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात फुलून लिंबाला ऐन उन्हाळ्यात, जेव्हा घरोघर सरबताची ओरड असते तेव्हा, फळ देतो तो हस्त. या तिसऱ्याची खोड अशी, की त्यासाठी ताण द्यावयाचा तो भर पावसाळ्याच्या उत्तरार्धात. आकाश कोसळत असताना झाड तहानलेले ठेवावयाचे! उन्हाळ्यातले लिंबू महाग का, याचे उत्तर बाजारापेक्षा या एका अडचणीत अधिक आहे.

ताणाचे दिवस मालकाच्या सत्त्वपरीक्षेचे असतात. पाने प्रथम तेज सोडतात, मग कडांनी आत वळतात, मग पिवळी पडून गळू लागतात. चतुर्थांश पाने उतरली की ताण पुरेसा झाला असे जाणकार समजतात. घरातली वडीलधारी माणसे येता-जाता सुनावतात, शेजारी कुंपणावरून हळहळतात, आणि हाताशी नळ असून आपण झाडाला तहानेने व्याकूळ होताना पाहत राहतो. त्या वेळी दया येऊन एक बादली घातली, तर ताण मोडतो आणि बहारही जातो. उलट निष्ठुरपणे दिवस वाढवले, तर शेंडे वाळतात, फांद्यांवर सल धरते, आणि पुढची काही वर्षे ते झाड सावरत नाही. दया आणि निष्ठुरता या दोहोंनाही तेथे सारखीच मनाई आहे. चालते ते केवळ अवधान. आणि ताण तोडतानाही घाई उपयोगी नाही. पहिले पाणी हलके द्यावयाचे, त्यास आंबवणी म्हणतात. त्याने भेगा बुजतात, माती फुगून सांधते. काही दिवसांनी दुसरे, त्याहून थोडे अधिक, ते चिंबवणी. आणि मग पुढचे भरपूर. चिंबवणीनंतर काही दिवसांतच, ज्या फांदीवर पिवळी पाने तेवढी लोंबत होती, तिच्या काट्याकाट्याच्या बगलेत जांभळट झाक मारणाऱ्या पांढऱ्या कळ्यांचे टाचणीच्या डोक्याएवढे पुंजके दिसू लागतात. हळहळून गेलेले शेजारीच मग लिंबाच्या फुलांचा वास कोठून येतो म्हणून विचारीत येतात.

पाण्याच्या बाबतीतला हा संयम एकट्यादुकट्याच्या परसापुरता मर्यादित नाही. जुन्या महसुली दप्तरांत बागाइतीची वर्गवारी मोटस्थळ आणि पाटस्थळ अशी केलेली आढळते. विहिरीवर मोट ओढून भिजवावयाची ती एक, आणि ओढ्या-नदीच्या पाटाने भिजावयाची ती दुसरी. मोटेचे पाणी बैलांच्या आणि माणसाच्या घामाने वर येई, त्यामुळे त्याची उधळमाधळ होण्याचे भय नसे. पाटाचे पाणी आपल्या पायांनी चालत येते, तेव्हा त्याला शिस्त लावावी लागली. धुळे जिल्ह्यात पांझरेच्या काठी काही शतके चालत आलेल्या फड पद्धतीत शेतकऱ्याने आपल्या शेतात पाणी स्वतः घ्यावयाचे नाही असा दंडक आहे. गावाने नेमलेला पाटकरी पाटाची व्यवस्था पाहतो आणि बारेकरी प्रत्येक शेताला त्याच्या पाळीप्रमाणे पाणी देतो. आपल्या पिकाविषयीची ममता पाण्याच्या दारापाशी उभी राहिली तर ती दार लवकर बंद करणार नाही, हे मनुष्यस्वभावाचे ज्ञान त्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. याच्या उलट चित्र पाहावयाचे तर वरुड-मोर्शीकडे जावे. संत्र्यांच्या बागांमुळे ज्या मुलखाला लोक कौतुकाने विदर्भाचा कॅलिफोर्निया म्हणतात, तेथे एकाच्या शेजारी दुसरी, दुसरीहून खोल तिसरी, अशा कूपनलिका पडत गेल्या आणि भूजल इतके खाली उतरले, की कित्येक बागा उभ्या वाळल्या. तेथील प्रत्येक मालकाने आपापल्या झाडांवर प्रेमच केले होते.

ज्ञानेश्वरांनी माळी नेईल तिकडे निमूटपणे जाणाऱ्या पाण्याचा दृष्टान्त साधकापुढे ठेवला आहे, आणि पाण्याच्या त्या निरहंकारी वृत्तीचे आपण सर्वजण कौतुक करतो. मला त्या दृष्टान्तातल्या माळ्याची चिंता वाटते. पाणी जर इतके आज्ञाधारक, तर त्याच्या योग्यायोग्य जाण्याचा सारा भार त्या बिचाऱ्यावर येऊन पडतो. अरणच्या सावता महाराजांनी मळ्यातच विठ्ठल पाहिला, पंढरीची वाट धरली नाही, असे आपण भक्तीच्या अंगाने सांगतो. ज्याने कधी भाजीच्या वाफ्याशी दारे धरले आहे त्याला त्यात व्यवहाराचेही एक अंग दिसेल. वाफा भरत असताना माळ्याला जागा सोडता येत नाही. हाती फावडे धरून, पुढचे दार फोडण्याचा आणि मागचे बांधण्याचा क्षण टिपीत उभे राहावे लागते. ते उभे राहणे हीच त्याची उपासना म्हणावी, इतके त्यात चित्त गुंतते.

या विषयावरचे आपल्याकडचे जुने वचन म्हणजे वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तला वृक्षायुर्वेदाचा अध्याय. सहाव्या शतकातल्या या ज्योतिर्विदाने लावलेल्या झाडांना पाणी केव्हा घालावे याची तीन कलमे दिली आहेत: ग्रीष्मात सकाळ-सायंकाळ, हिवाळ्यात एक दिवसाआड, आणि पावसाळ्यात जमीन कोरडी पडली म्हणजे. पहिल्या दोन कलमांना घड्याळ आणि पंचांग पुरते. नव्या रोपांसाठी ती ठीकही आहेत. तिसऱ्यात मात्र त्या महापंडिताने तिथी, वार, नक्षत्र असे काहीही न सांगता निर्णय जमिनीवर, आणि ती उकरून पाहणाऱ्यावर सोपवला आहे. नाझरांनी आपल्या नव्या नोंदवहीत ‘पाणी’ या रकान्याच्या आधी ‘मातीची पाहणी’ असा एक रकाना अलीकडे आखून घेतला आहे, आणि मधल्या चार दिवसांत काय लिहावयाचे ही त्यांची अडचण त्यामुळे आपोआपच दूर झाली आहे. मला विचाराल तर वराहमिहिराचे तिसरे कलम बाराही महिने जारी करावे, पहिली दोन त्याच्या पोटात घालावीत, आणि ज्याला रोज सायंकाळी पाणी घातल्याशिवाय चैन पडत नाही त्याने खुशाल तुळशीला घालावे. ती ते गोडीने घेते आणि फळाची जबाबदारी तिच्यावर नसते.